पहिले पाट का खणले? कागदाच्या पट्ट्या, एक परात आणि माती घेऊन पोरांना कसं समजवायचं

भाची सहावीत आहे, मागच्या महिन्यात वही घेऊन आली आणि म्हणाली, मामा, जुन्या काळातल्या लोकांनी शेतीला पाणी द्यायला पाट-कालवे का काढले ते पाच ओळीत सांग. मी म्हटलं तुला काय वाटतं ते आधी सांग. ती म्हणाली, "पाऊस कमी होता म्हणून." आता हे उत्तर चूक नाही, मार्कपण मिळतील, पण एवढ्यावर सोडून दिलं तर त्या माणसांनी जे डोकं लावलं ते बघायचंच राहून जातं. कारण जिथे जगातले सुरुवातीचे मोठे पाट निघाले त्या इराकच्या सपाटीवर पाणी होतं की, तैग्रिस आणि युफ्रेटिस अशा दोन-दोन नद्या बारा महिने वाहत होत्या. अडचण वेगळी होती. पिकाला पाहिजे तेव्हा ते पाणी खाली गेलेलं असायचं, आणि नको तेव्हा शेतात येऊन बसायचं.

ज्यांच्या घरात शेती आहे त्यांना हे लगेच कळेल, कारण हरभरा घाटे भरायच्या वेळेला एक पाणी चुकलं की नंतर कितीही दिलं तरी उपयोग नसतो. पण शहरातल्या पोरांना हे शब्दात सांगून डोक्यात जात नाही, मी सांगून बघितलंय. म्हणून आम्ही एका रविवारी बसून हे हातानं केलं आणि तिला जे कळलं ते अजून विसरली नाहीये. कसं केलं ते इथे सविस्तर लिहितोय, तुमच्या घरी, क्लासमध्ये, शाळेत कुठेही करता येईल.

काय काय लागेल

चार-पाच लांब कागदाच्या पट्ट्या (कॅलेंडरची जुनी पानं मागच्या बाजूनं चालतात), निळा, हिरवा आणि लाल स्केचपेन, एक मोठी परात, परातभर चाळलेली माती, थोडी वाळू, एक मग, एक चमचा, जुनं प्लास्टिकचं कार्ड, दोन प्लास्टिकचे ग्लास आणि दोन चमचे मीठ. परातीची माती काळी मिळाली तर बघा पण नुसती काळी नको, चिकटते आणि पाणी धरून ठेवते, तीन भाग माती एक भाग वाळू असं करा, मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि बोटानं ढकलला की फुटावा इतकीच ओली. पट्ट्या आणि परात मिळून एक दुपार जाते, ग्लासांना आठ-दहा दिवस लागतात म्हणून ते सकाळीच लावून ठेवा, कसं ते खाली सांगतो.

आधी पट्ट्या, आणि सुरुवात जुलैपासून

प्रत्येक पट्टीवर बारा घरं आखा, पण जानेवारीपासून नको. जुलैपासून सुरू करून जूनला संपवा. हे बारीक वाटतं पण इथेच बरीचशी गोची होते, कारण गहू आणि जव ही थंडीची पिकं आहेत, पेरणी एका वर्षात आणि काढणी दुसऱ्या वर्षात, जानेवारीपासून घरं आखली की पीक मधोमध तुटतं आणि पोरांना काहीच दिसत नाही. वरच्या अर्ध्या भागात निळ्या पेननं नदी कधी भरते कधी आटते ते काढायचं, खालच्या अर्ध्यात हिरव्यानं पीक कधी पेरलं, कधी वाढलं, कधी कापलं.

पहिली पट्टी इजिप्तची घ्या, सोपी आहे. नाईलला पूर यायचा तो इथिओपियाच्या डोंगरातल्या उन्हाळी पावसामुळे, इजिप्तमध्ये स्वतःचा पाऊस जवळजवळ नाहीच. अस्वानपाशी जूनच्या शेवटी पाणी चढायला लागायचं, ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरात सगळ्यात जास्त, आणि ऑक्टोबरपर्यंत उतरायला लागायचं. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओल्या गाळात पेरणी आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास काढणी. रंगवून झालं की पोरांना विचारा काय दिसतं. निळं संपतं तिथे हिरवं सुरू होतं! नदी येते, गाळ टाकते, जमीन भिजवते, आणि पेरायची वेळ झाली की आपणहून निघून जाते. आपल्याकडे ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी, बी टाकायला एकदम तयार, तो वाफसा नाईल दरवर्षी बरोबर वेळेवर आणून द्यायची. तिथल्या थडग्यांच्या भिंतींवर चित्रं आहेत त्यात बी फेकल्यावर मेंढरं सोडून ते तुडवून घेताना दाखवलंय.

मग त्यांना सिंचनाची गरज काय? हा प्रश्न भाचीनं स्वतःच विचारला आणि मला लई बरं वाटलं. गरज होती, पण थोडी. पूर उतरायला लागला की पाणी पटकन निघून जातं, उंचावरच्या शेतात तर टिकतच नाही. म्हणून त्यांनी शेतांभोवती मातीचे बांध घालून मोठाले हौदच केले, पुराचं पाणी आत घ्यायचं, चाळीस-पन्नास दिवस कोंडून ठेवायचं, जमीन खोलवर भिजली की खालच्या हौदात सोडायचं, तिथून पुढं नदीत. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या संग्रहालयात इजिप्तच्या एका फार जुन्या राजाच्या गदेचं दगडी डोकं आहे, साधारण इसवी सन पूर्व ३१०० चं, राजाच्या चेहऱ्यासमोर विंचू कोरलाय म्हणून त्याला विंचू राजा म्हणतात. त्यात राजा हातात कुदळीसारखं अवजार घेऊन पाण्याच्या काठावर उभा आहे, आणि तो पाट फोडायचा मुहूर्त करतोय असं बरेच अभ्यासक मानतात. फोटो नेटवर मिळतो, पोरांना दाखवा, राजा आणि हातात कुदळ हे बघून ती थबकतात.

आता दुसरी पट्टी, दक्षिण इराकची, आणि इथे घाई करू नका कारण सगळी गंमत याच पट्टीत आहे. तैग्रिस-युफ्रेटिसचं पाणी येतं तुर्कस्तानच्या डोंगरातल्या बर्फातून आणि हिवाळी-वसंतातल्या पावसातून. बर्फ वितळणार वसंतात, त्यामुळे पूर यायचा एप्रिल-मेमध्ये. आणि नदी सगळ्यात खाली कधी जायची, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात. हे निळ्यानं रंगवा. आता खाली हिरवं: जवाची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबर, काढणी एप्रिल-मे. पट्टी लांब धरून बघायला सांगा. पेरायला ओल पाहिजे तेव्हा नदी तळाला गेलेली, आणि पीक पिवळं होऊन कापायला आलं की पूर दारात. बरोब्बर उलटं! नाईलच्या पट्टीत निळं-हिरवं एकमेकांच्या मागे चालतात आणि इथे एकमेकांच्या अंगावर येतात.

दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या तेव्हा भाची म्हणाली, "म्हणजे इराकवाल्यांना पाणी आणायचं पण होतं आणि हाकलायचं पण होतं." तिचं हे वाक्य मी तिच्या वहीत तसंच लिहून ठेवायला लावलं.

आता कुणी म्हणेल पाऊस होता की नाही. लाल पेननं तोही लिहा. बगदादला वर्षभरात १५० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोसुद्धा हिवाळ्यात, आणि नुसत्या पावसावर जव घ्यायचा तर २०० ते २५० तरी लागतो. आपण माणदेशाला दुष्काळी म्हणतो तिथेही याच्या दुप्पट-तिप्पट पडतो. मग एवढ्या कोरड्या जागी माणसं शेती करायला गेलीच कशाला, हा प्रश्न पोरं हमखास विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. गहू आणि जव ही मुळात तिथली पिकंच नव्हेत. ती उत्तरेच्या आणि पूर्वेच्या डोंगरउतारावरची, जिथे हिवाळ्यात पुरेसा पाऊस पडतो, आणि साधारण दहा हजार वर्षांपूर्वी माणसानं ती तिथे लावायला सुरुवात केली. मग गावं वाढली, माणसं हळूहळू सपाटीकडे उतरली, तिथली गाळाची जमीन भुसभुशीत, दगड नाही, मासे, पाणपक्षी, बोरूची बेटं सगळं होतं, आणि त्यांनी बी बरोबर नेलं. पण बी नेता येतं, पाऊस नेता येत नाही. त्या बियाला डोंगरात जो पाऊस मिळायचा तो सपाटीवर हातानं द्यायला लागला.

आणि हे एकदम मोठ्या कालव्यांनी सुरू झालं नाही हे पण सांगा. इराकच्या पूर्व कडेला मंदली गावाजवळ चोगा मामी नावाची जागा आहे, तिथे इसवी सन पूर्व ६००० च्या सुमाराचे पाट सापडलेत, डोंगराच्या पायथ्याशी, साधे, एका गावाला जमतील असे. ही जागा पावसाच्या अगदी काठावरची, एखादं वर्ष साधायचं एखादं जायचं. तिथल्या जवसाचे (जव नव्हे, अळशी) दाणे मोठे निघाले, आणि जवसाचा दाणा पाणी नीट मिळालं तरच तसा पोसतो, त्यामुळे नुसता चर दिसला म्हणून पाट असा अंदाज नाहीये, दाण्यानंही साक्ष दिलीय. पुरातत्त्ववाले असं शोधतात हे मला फार आवडतं.

आता परात

परातीत माती पसरा आणि एका टोकाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवा, अगदी एकच, जास्त उतार नको. दक्षिण इराक किती सपाट आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, बगदाद समुद्रापासून पाचेकशे किलोमीटर आत आहे आणि उंची जेमतेम ३५ मीटर, म्हणजे दहा-बारा मजली बिल्डिंगएवढी.

मग परातीच्या मधोमध, वरून खालपर्यंत, मातीचा दोन बोटं उंच वरंबा करा, आणि त्या वरंब्याच्या डोक्यावरून बोटानं एक घळ ओढा. ही नदी. पोरं म्हणतील नदी खड्ड्यात असते, वर कशी? हीच गोष्ट दाखवायची आहे. गाळ आणणारी नदी पुरात काठाबाहेर पडली की पाण्याचा जोर कमी होतो आणि जाड गाळ काठावरच बसतो, असं शेकडो वर्षं चाललं की काठ उंच होत जातात, पात्रातही गाळ बसतो, आणि नदी आजूबाजूच्या शेतापेक्षा वर वाहायला लागते. बिहारमध्ये कोसी नदीचं असंच झालेलं आहे. इराकमधल्या शेतकऱ्याला याचा मोठा फायदा होता, पाणी उचलायला मोट नको, रहाट नको, नुसता काठ कापला की पाणी आपल्या पायानं शेतात उतरतं.

मगनं वरून बारीक धार सोडा, घळीतून पाणी वाहू द्या. आता चमच्याच्या टोकानं एका बाजूचा काठ कापा, फक्त चमच्याएवढा. पाणी खाली उतरेल, पोरं खूश होतील, आणि मग काय होतं ते बघा. धार चालूच ठेवा. कापलेली जागा हळूहळू स्वतःच रुंद होत जाते, दोन्ही बाजूंची माती ढासळते, आणि थोड्याच वेळात जवळपास सगळी नदी त्या भोकातून शेतात. पुढच्या घळीत पाणीच जात नाही. आम्ही केलं तेव्हा भाची दोन्ही हातांनी भोक बुजवायला बघत होती आणि माती बोटांमधून वाहून चालली होती, परातीचा अर्धा भाग तळं झाला. मी मुद्दाम मध्ये पडलो नाही. एप्रिल महिन्यात, कापायला आलेल्या जवाच्या शेतात हे झालं तर काय, हे तिला विचारायची गरजच पडली नाही.

परत माती बसवा, परत नदी करा, आणि आता काठ कापायच्या आधी तिथे प्लास्टिकचं कार्ड खोचा. हे दार. कार्ड थोडं वर केलं की पाणी, खाली दाबलं की बंद. कार्डाच्या दोन्ही बाजूंना माती चेपून बसवा नाहीतर पाणी कडेनं वाट काढतं, खरं काम तिथेच असतं. त्या लोकांनी यासाठी बोरूच्या पेंढ्या, चटया, चिखल वापरला, पुढे भाजलेल्या विटा आणि त्यांच्याकडे जमिनीतून आपोआप निघणारं डांबर वापरून पक्की दारं बांधली. दारातून निघालेल्या पाटाला दोन फांद्या काढा, फांद्यांना छोट्या फांद्या, आणि त्यांच्या कडेला बोटांनी वाफे पाडा. प्रत्येक वाफ्याला सारखं पाणी पोचवून दाखवा म्हणून सांगा. जमत नाही लवकर! पहिला वाफा तुडुंब आणि शेवटचा कोरडाठाक, असंच होतं.

इथे मला वडील आठवतात. रात्रीची लाईट असली की दोन वाजता उठून हरभऱ्याला दारं धरायला जायचे, बॅटरी काखेत, हातात फावडं, आणि मी मागं. वाफ्याच्या तोंडाशी उभे राहायचे, पाणी तीन हिस्से गेलं की लगेच एका फावड्यात तोंड बंद करून पुढचं फोडायचे, मी म्हणायचो अजून शेवटापर्यंत गेलं नाही, तर म्हणायचे उरलेलं आपोआप जातं, थांबलास तर बांध फुटेल. अंधारात पाणी दिसायचं नाही पण भेगाळलेल्या रानात शिरताना बुडबुड आवाज यायचा, आवाज थांबला की वाफा प्यायला असं ते ओळखायचे. मातीच्या पाट्यांवर सुमेरी भाषेत (सुमेर म्हणजे जुना दक्षिण इराक) लिहिलेला एक मजकूर आहे, शेतकऱ्यानं मुलाला केलेला उपदेश म्हणून ओळखला जातो, त्याच्या प्रती साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या. त्याची सुरुवातच अशी की शेतात पाणी सोडशील तेव्हा पाटाच्या तोंडांवर आणि बांधांवर लक्ष ठेव, पाणी जास्त चढू देऊ नकोस. पुढे नांगरट, पेरणी, आणि जव केवढा झाला की कितवं पाणी द्यायचं ते पण सांगितलंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडिलांचाच आवाज कानात आला.

एकट्याचं काम नाही, हे कसं दाखवायचं

परातीभोवती तीन-चार पोरं बसवा आणि वाफे वाटून द्या, एकाला दाराजवळचे, एकाला मधले, एकाला शेवटचे. मगमध्ये माती कालवून गढूळ पाणी करा आणि चार-पाच वेळा सोडा. दोन गोष्टी होतात. एक, पाट गाळानं भरतात, आणि ते चमच्यानं साफ करायला लागतात, नाहीतर पुढच्या खेपेला पाणी चढत नाही. वरच्या पोराचं पाणी चाललेलं असतं त्यामुळे त्याला गाळ काढायची गरज वाटत नाही, टेलवाल्याला, म्हणजे शेवटच्या टोकाच्या पोराला, वाटते. दोन, भांडण. ते लावायला लागत नाही, लागतंच.

आमचं शेत चारीच्या, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या छोट्या पाटाच्या, टेलला, त्यामुळे हे मला परातीत शिकायला लागलं नाही. एका वर्षी आमच्या पाळीच्या रात्री वर कुणीतरी चारी फोडली, पहाटेपर्यंत वाट बघून आम्ही घरी आलो, आणि त्या वर्षीचा हरभरा फुलोऱ्यातच वाळला. कुणी केलं ते कळलंही, पण वडील बोलले नाहीत, पुढच्या पाळीला मात्र चार टेलवाले मिळून रात्रभर चारीवर फिरले.

सुमेरमध्ये हेच दोन शहरांमध्ये झालं, उम्मा आणि लगश. दोघांच्या मधल्या चांगल्या रानावरून आणि सीमेवरच्या पाटावरून भांडण, उम्मा वरच्या अंगाला, लगश खालच्या, आणि ते पिढ्यानपिढ्या चाललं, इसवी सन पूर्व २५०० च्या आगेमागे. लगशच्या राजानं जिंकल्यावर कोरलेला दगड पॅरिसला लूव्र संग्रहालयात आहे, गिधाडांचा शिलास्तंभ म्हणतात त्याला. पुढे एन्मेतेना नावाच्या राजानं मातीच्या शंकूवर हा सगळा इतिहास लिहून ठेवला, त्यात उम्मावाल्यांनी सीमेच्या पाटाचं पाणी वळवलं अशी तक्रार आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीची तक्रार आणि शब्द आजचे.

बाबिलोनच्या हम्मुराबी राजाचं नाव पोरांनी ऐकलेलं असतं, डोळ्याला डोळा एवढंच सांगतात त्याच्याबद्दल. त्याच्या कायद्यात ५३ ते ५६ ही कलमं वाचून दाखवा. आपल्या बांधाची डागडुजी आळसानं केली नाही, बांध फुटला आणि शेजाऱ्यांची शेतं बुडाली, तर बुडालेलं धान्य भरून द्यायचं. देता आलं नाही तर त्याला आणि त्याचा माल विकून आलेले पैसे नुकसान झालेल्यांनी वाटून घ्यायचे! पाट उघडा ठेवून दुर्लक्ष केलं आणि शेजारचं रान वाहून गेलं तरी भरपाई. परातीत काठ ढासळलेला ज्यानं बघितलाय त्याला ही शिक्षा एवढी कडक का ते समजतं, एकाच्या आळसात सगळ्यांचं वर्ष जातं.

थोडं विषयांतर, पण मोठ्या मुलांना सांगण्यासारखं. विटफोगेल नावाच्या अभ्यासकानं १९५७ मध्ये असं मांडलं की मोठे कालवे चालवायचे तर मोठी सत्ता लागते, म्हणून पाण्यानंच हुकूमशहा तयार केले. ऐकायला पटतं. पण पुढे इराकमध्ये जुन्या पाटांच्या खुणा गावोगाव फिरून तपासल्या तेव्हा दिसलं की सुरुवातीचे पाट छोटे होते, गावागावांनी आपापसात चालवलेले, आणि बलाढ्य राजे बऱ्याच नंतर आले. मला हेच पटतं, आणि यासाठी इराकला जायलाही नको. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत बघा, बंधारा, पाट, आणि एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी द्यायला गावानं नेमलेला पाटकरी, शेतकऱ्यानं स्वतः दाराला हात लावायचा नाही. काही शतकं हे गावकऱ्यांनीच चालवलं. परातीतलं भांडण मिटवायचं असेल तर पोरांपैकी एकाला पाटकरी करा आणि त्याला वाफा देऊ नका, लगेच फरक पडतो.

दोन ग्लास

हे सकाळी लावून ठेवा म्हटलं होतं ते. एका ग्लासाला तळाला चार-पाच भोकं पाडा, दुसरा तसाच. दोन्हीत सारखी माती भरा आणि प्रत्येकात एकेक चमचा मीठ पाण्यात विरघळवून ओता. नंतर भोकाच्या ग्लासात रोज भरपूर पाणी ओतायचं, खालून वाहून जाऊ द्यायचं. बिनभोकाच्या ग्लासात रोज थोडंच, माती ओली राहील इतकं, आणि दोन्ही उन्हात. आठ-दहा दिवसांत बिनभोकाच्या मातीवर पांढरा पापुद्रा येतो, बोटानं खरवडून जिभेला लावला की खारट. भोकाच्या ग्लासातलं मीठ बरंचसं धुऊन गेलेलं असतं. दोन्हीत मेथी टाकून बघा, कुठे उगवते ते.

भोकाचा ग्लास म्हणजे नाईलचं खोरं. दरवर्षी पुराचं पाणी जमिनीतून मुरून निघून जायचं, मीठ घेऊन जायचं, त्यामुळे हजारो वर्षं तीच जमीन पिकली. बिनभोकाचा म्हणजे सुमेर. एवढ्या सपाट जागी पाणी निचरून जाणार कुठे, वरून कडक ऊन, प्रत्येक पाण्याबरोबर थोडं मीठ येतं आणि पाणी उडून गेलं की ते तिथेच राहतं, शिवाय जास्त पाण्यानं खालची पाणीपातळी वर येते आणि तळातलं मीठही वर ओढलं जातं. गव्हाला हे सहन होत नाही, जवाला बऱ्यापैकी होतं, आणि तिथल्या जुन्या हिशेबांमध्ये गहू कमी होत जाऊन जवच जव राहिलेला दिसतो. त्याला मीठ हे एकच कारण होतं की नाही यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण शेतं पांढरी पडायची हे त्यांच्या स्वतःच्या लिखाणात आहे. त्यांचा उपाय म्हणजे रान एक वर्षाआड पडीक ठेवायचं, खोल मुळांची रानझुडपं वाढू द्यायची, ती खालचं पाणी शोषून पातळी खाली नेतात.

सांगली, शिरोळकडची माणसं हे वाचत असतील तर त्यांना ग्लास लावायची गरज नाही. उसाला मोकाट पाणी देऊन कृष्णाकाठची कितीतरी सोन्यासारखी जमीन क्षारपड झाली, आणि आता तिथे शेतकरी पैसे घालून जमिनीखाली भोकाचे निचरा पाइप टाकतायत. म्हणजे ग्लासाला भोकं पाडतायत. हे पोरांना नक्की सांगा, कारण पाणी आणणं जेवढं सिंचन तेवढंच पाणी बाहेर काढणं पण, आणि शिकवताना हा भाग नेमका गाळला जातो.

शेवटची पट्टी आपली

आता एक कोरी पट्टी घ्या आणि तीवर इनामगाव लिहा. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. तिथे डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं खोदकाम केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सन पूर्व १६०० पासून ७०० पर्यंत तिथे शेतकऱ्यांचं गाव होतं. आणि त्या गावाला पाट होता! दगड-मातीचा बांध आणि त्याला लागून सुमारे २०० मीटर लांबीचा चर, जोर्वे काळातला, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचा, पुराचं पाणी वळवून घ्यायला केलेला असं खोदणाऱ्यांनी मांडलंय.

वर निळं रंगवा: घोड नदी उगम पावते सह्याद्रीत, तिथे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, म्हणून नदीला पूर जुलै-ऑगस्टला. पण इनामगाव पर्जन्यछायेत, तिथल्या शिवारात पाऊस थोडाच आणि भरवशाचा नाही. खाली हिरवं: तिथे सापडलेल्या धान्यात मुख्य आहे जव, म्हणजे आपण सातू म्हणतो तो, बरोबर मसूर, वाटाणा वगैरे. सातू रब्बीचा, पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, काढणी फेब्रुवारी-मार्चला. म्हणजे निळं संपतं आणि हिरवं सुरू होतं, नाईलसारखंच, पण आपली उन्हं कडक आणि नदी हिवाळ्यात बारीक होत जाणारी, त्यामुळे पुराचं पाणी येतंय तोवर रानात घेऊन मुरवलं तरच पुढच्या चार महिन्यांना ओल राहणार. आज त्याच घोड नदीवर डिंभ्याला आणि चिंचणीला धरणं आहेत.

भाचीनं ही पट्टी कुणी न सांगता स्वतः रंगवली, मग तिच्याखाली आणखी एक कोरी जोडली आणि मला म्हणाली आजोबांचा हरभरा कधी पेरायचे, चारीला पाणी कधी यायचं ते सांग. मी सांगत गेलो, ती भरत गेली. जानेवारीच्या घरात हिरवं होतं आणि निळं नव्हतं, तिथे तिनं लाल पेननं गोल काढला.